दारावरच्या बायका

"आमेन!" आमच्या तिन्ही बाकांवरून एकदम आवाज उठला आणि अध्यक्षांनी लाकडी हातोडा आपटला.

"हे चर्च नाही," ते म्हणाले. "ही विधिमंडळाची समिती आहे. प्रेक्षकांतून पुन्हा आवाज आला, तर सगळ्यांना बाहेर काढावं लागेल."

त्यांचं काही चुकलं नव्हतं, चुकलं आमचंच. आमचे पाळक, रेव्हरंड ट्रॅमेल, साक्ष देत होते, आणि पाळक बोलत असताना गप्प बसायचं असतं हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही. आमच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बोलणाऱ्याला दर वाक्याला लोकांनी हात द्यायचा असतो. 'आमेन', 'खरंय', 'बोल बाई'. एखादा अडखळला तर लोकच त्याला पुढे नेतात. अटलांटाहून आलेल्या वकील मुलीने बसमध्ये आम्हाला सगळं समजावलं होतं, कुठे बसायचं, आमदाराला काय म्हणून हाक मारायची. हे तेवढं सांगायचं राहिलं. तिचं चर्च शांत असावं.

पंचाईत झाली ती ओझेलाची. पाळकांनंतर तिचंच नाव होतं.

ओझेला टार्व्हर आमच्या गावच्या कोंबडीच्या कारखान्यात काम करते. फिरत्या पट्ट्यावरून कोंबड्या येतात आणि ती त्यांचे पंख कापते. रविवारी ती चर्चमध्ये दारावर असते. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. आलेल्याला आत घ्यायचं, जागेवर नेऊन बसवायचं, आणि हे सगळं तोंडातून शब्द न काढता हाताच्या खुणांनी करायचं. ओझेलाइतकं गप्प राहणं दारावरच्या बाकी बायकांतही कोणाला जमत नाही. आज नेमकं तिला बोलायचं होतं, आणि तेही जे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

विधेयक साधं होतं. पट्ट्यावरच्या कामगाराने लघवीला जायचं म्हटलं, तर त्याला जाऊ द्यावं. एवढ्याला कायदा कशाला लागतो, असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. मी चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांचा मदतनीस; चर्चची बस चालवतो, कारखान्यात कधी राबलो नाही.

सकाळी बसमध्ये मदर क्लोटील सगळ्यांना थंड गोड चहा देत होत्या. दारावरच्या बायकांच्या त्या प्रमुख. वयामुळे आणि मानामुळे सगळेच त्यांना मदर म्हणतात, आणि हातमोज्यावर डाग दिसला तर त्या कोणाचीही गय करत नाहीत.

"घे गं, घोटभर तरी घे."

"नको मदर. सवय नाही."

"चहाची सवय नाही? मग काय आभाळातून पडलीस?"

"सकाळी मी काहीच पीत नाही. प्यायलं की जावं लागतं."

मदरनी पेला मागे घेतला आणि त्या पुढच्या सीटकडे गेल्या. थोड्या वेळाने ओझेला माझ्यामागे येऊन बसली.

"डीकन, एक विचारू? आज मी हे बोलले, तर रविवारी लोक माझा हात धरून आत येतील का हो?"

"येतील की. न येऊन जातील कुठे?" मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर माझी खात्री नव्हती. आमचं गाव लहान, आणि नाकं मोठी.

आणि आता ती माइकसमोर उभी होती.

"माझं नाव ओझेला टार्व्हर," ती म्हणाली, आणि थांबली.

कोणी काही बोललं नाही. चर्चमध्ये या जागी निदान दहा जणांनी तिला हात दिला असता. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो. तिला वाटलं असावं, मागे कोणीच नाही. ती वळून बघायला लागली.

तेव्हा मदर क्लोटील उठल्या. त्यांनी डावा हात पाठीमागे नेला आणि मोजा घातलेला उजवा हात छातीवर ठेवला. आमच्याकडे या खुणेचा अर्थ, मी माझ्या जागेवर आहे, तू तुझं काम कर. मग दारावरच्या बाकीच्या बायकाही तशाच उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी हातोडा उचलला. पण आवाज तर झालाच नव्हता. त्यांनी तो परत ठेवला.

ओझेला समोर वळली.

"मी तीनदा विचारलं. सुपरवायझर म्हणाला, थांब. मी थांबले. मग नाही थांबता आलं. पट्टा चालूच होता, म्हणून मीही कापत राहिले. शेजारच्या बाईने माझ्या पायाखाली पाइपाचं पाणी सोडलं, माझ्याकडे बघितलं नाही. माझा नातू दोन वर्षांचा आहे. तो 'जायचंय' म्हणाला की घरातले सगळे हातातलं काम टाकून त्याला नेतात. माझं एवढंच म्हणणं आहे."

अध्यक्षांनी आभार मानले. विधेयकावर आज मतदान होणार नाही, पुढच्या अधिवेशनात बघू, असं ते कागदांकडे बघत म्हणाले. वकील मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. रेव्हरंड म्हणाले, "मग पुढच्या वर्षी पुन्हा येऊ." मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

बस परत निघाली. मदर क्लोटीलनी पुन्हा चहा काढला. ओझेलाने पेला घेतला आणि सगळा प्यायली. मग आणखी एक मागितला.

आमच्या जिल्ह्याची हद्द जवळ आली तशी ती पुढे आली. "डीकन, कुठे थांबवता आलं तर बघा ना."

पुढच्याच पेट्रोल पंपावर मी बस घेतली. संडास एकच, मागच्या बाजूला, आणि दाराची कडी तुटलेली. दारावरच्या बायका भराभर उतरून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. ओझेला आली तशा त्या एकेक करत बाजूला झाल्या. मदर क्लोटीलनी हातमोजे चढवले, दार उघडून धरलं आणि डावा हात पाठीमागे घेतला.

"कडी नाहीये, मदर," ओझेला म्हणाली.

"मी आहे ना. होऊ दे सावकाश."

ओझेला आत गेली. मदरनी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या, रविवारी उभ्या राहतात तशाच. मी इंजिन बंद केलं.