दुसऱ्या यंत्राचा होकार

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघराला लागून, यंत्रांची खोली होती. तिथल्या प्रमुखांना सगळे सावकाशराव म्हणत, कारण काहीही विचारलं तरी त्यांचा पहिला शब्द 'सावकाश'. त्यांच्या हाताखाली त्यांचीच सख्खी पुतणी होती. रीतसर परीक्षा देऊन लागलेली. तरी लोकांनी वशिला तिच्या नावावर मांडून टाकलाच होता. म्हणून कामावर ती काकांना सर म्हणे आणि काका तिला अहो-जाहो करत. दोघांनाही ते अवघडच जाई.

इस्पितळाची रक्तपेढी इतर शाखांशी मिळून एकच साठा चालवी. कुठली पिशवी कुणासाठी राखली, हे मुख्य यंत्र लिहून घेई आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या दुसऱ्या यंत्राला कळवी. तिकडून 'लिहिलं' असा निरोप आला की मगच नोंद पक्की. तोवर पडद्यावर चक्र फिरत राही. एक यंत्र जळालं तरी दुसऱ्याकडे सगळं शाबूत, असा तो व्यवहार. पण दुसरंच मेलं, तर पहिलं त्याच्या निरोपाची वाट बघत ताटकळणार. तेव्हा त्याला वगळून पुढे जावं लागतं.

पूर्वी हे वगळणं आपोआप होई. एकदा मधली तार नुसती मंदावली होती, आणि पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामने धडधाकट यंत्राला मेलेलं ठरवलं. नेमकं त्याच दिवशी मुख्य यंत्र बंद पडलं आणि मधल्या नोंदी कुठेच उरल्या नाहीत. ते निस्तरताना सावकाशरावांचे केस पिकले म्हणतात. त्यांचे आधीच पिकले होते, पण श्रेय या प्रकरणाला गेलं. तेव्हापासून वगळण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला. प्रोग्रामने आता एवढंच विचारायचं, 'आहेस का?' 'आहे' म्हटलं की दिवा हिरवा.

त्या दुपारी दिवा हिरवा होता, आणि रक्तपेढीच्या बाईंचा फोन आला.

"अहो, तुमचं ते चक्र थांबवा आधी! मावशी टेबलावर आहे."

"सावकाश. कोण मावशी?"

"किती असतात तुम्हाला? आपली, धुलाईघरातली! गाठ काढायला घेतली होती, रक्त थांबत नाहीये. तिच्या गटाच्या मोजक्या पिशव्या आहेत. मी राखायला टाकते तर चक्र. बाकीच्या शाखांनीही टाकल्यात, त्यांचंही चक्र. कुठली कुणाला गेली ते मी काय हवेतून ओळखू? एकेकीला फोन लावतेय, निम्म्या उचलत नाहीत."

सावकाशरावांनी फोन ठेवला. मावशी रोज दारातून डोकावून त्यांच्या कॉलरची तपासणी करी. "असा शर्ट घालून यंत्रांपुढे बसता? लाजतील ती." काल मात्र ती एवढंच म्हणाली होती, "उद्या मी नाही, मळवा काय मळवायचं ते."

"सर, दुसरं गेलंय," पुतणी म्हणाली.

"दिवा बघा. दर वेळी 'आहे' म्हणतंय."

"म्हणेल की. 'आहे' म्हणायला त्याला डिस्कला हात लावावा लागत नाही. दारावरचा शिपाई 'साहेब आहेत' म्हणतो, आत साहेब खुर्चीत गेलेले असले तरी."

"आणि नुसतं मंदावलं असेल तर? घाईने वगळायचं आणि मागच्यासारखं..."

"काका!" ती पहिल्यांदाच खोलीत त्यांना काका म्हणाली. "त्याला 'आहेस का' विचारू नका. 'शेवटचं काय लिहिलंस' ते विचारा."

तिने विचारलं. दुसऱ्याने सांगितली ती नोंद जेवणाच्या सुट्टीआधीची होती. थोडं थांबून पुन्हा विचारलं, तीच. इकडे नोंदींची रांग वाढत होती आणि तिकडे एक अक्षरही पुढे सरकलं नव्हतं.

तरी सावकाशराव पासवर्ड टाकेनात. बोटं कळफलकावर टेकवून त्यांनी तिला तिसऱ्यांदा विचारायला लावलं. उत्तर तेच आलं. मग त्यांनी दुसऱ्याला वगळलं.

चक्रं थांबली. अडकलेल्या नोंदी भराभर पक्क्या झाल्या. फोनवर बाई "मिळाली, मिळाली" ओरडल्या आणि फोन तसाच टाकून पळाल्या. आता मुख्य यंत्र एकटं होतं. सावकाशरावांनी प्रत्येक नोंद छापून घ्यायला लावली आणि स्वतः छपाईयंत्रापाशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

संध्याकाळ व्हायच्या आत कळलं. पिशव्या वर पोहोचल्या होत्या, चढवल्याही होत्या. मावशी गेली.

दुसऱ्या दिवशी सावकाशरावांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं.

"रक्त आधी मिळालं असतं तर?"

त्यांनी कठडा धरला. "नाही सांगता येणार. वाचली असती असं म्हणत नाही. नसती वाचली असंही म्हणवत नाही."

ते खाली आले. पलीकडच्या यंत्राची डिस्क बदलून झाली होती. पुतणी पाळतीचा प्रोग्राम नव्याने लिहीत होती. आता दुसऱ्या यंत्राला दर वेळी एक शब्द लिहायला लावायचा आणि तोच परत वाचून मागायचा. ठरलेल्या वेळात आला नाही, तर कुणाला न विचारता वगळायचं.

"वेळ किती ठेवू, सर?"

याच प्रश्नावर पूर्वी त्यांनी बैठकांमागून बैठका घालवल्या होत्या, आणि दर बैठकीत मुदत लांबवून घेतली होती. आता त्यांनी तिच्याकडून कळफलक ओढून घेतला आणि एक आकडा टाकला.

तिने वाकून पाहिला. "एवढा कमी? काका, कधी ना कधी जिवंत यंत्र वगळलं जाईल हं. मागच्यासारखं."

"जाईल. तेवढा वेळ छपाई चालू ठेवायची, आणि मग त्याला परत जोडून घ्यायचं," ते म्हणाले. "यंत्राला घेता येतं परत."

त्यांनी आकडा कायम केला आणि कळफलक तिच्याकडे सरकवला.