पगडी मागे बांधून

सहदेवच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या शुक्रवारी दुपारी मेली. जागच्या जागी होती, पण टाक त्यांतून निसटून कागदावर पडला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. कोलशेतच्या मिठाच्या चौकीवर पत्रांच्या नकला उतरवणारा कारकून तो. त्याचा हातच गेला तर मागे राहिलं काय? महिन्याभरात हा तिसरा डाग. उद्या मोठे साहेब येणार होते, आणि त्यांच्यासमोर बसून अख्खं पत्र उतरवून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी, नाही तर घरचा रस्ता.

दोष पायगाडीचा, म्हणजे सायकलीचा होता, आणि ती त्यानं हौसेनं घेतली होती. विलायतेला परत निघालेल्या एका ताडमाड साहेबाची. कोपरी ते कोलशेत रोजचे अडीच कोस, तेही वाऱ्यासारखे! पण तिची हातात धरायची दांडी साहेबाच्या मापाची, खाली आणि लांब. सहदेव तिच्यावर पार आडवा व्हायचा. त्यात डोक्यावर पगडी. नोकरी लागली त्या दिवशी वडिलांनी, परशुरामपंतांनी, स्वतःच्या हातानं ठेवलेली. वाकलं की ती पुढे घसरायची. ती सावरायला हा मान वर ताणून, खांदे कानाला भिडवून बसायचा. आधी मान आखडली, मग खांद्यातून मुंग्या उतरल्या, आणि आता ही बोटं.

पगडी काढून का ठेवत नव्हता, असं आज कुणीही विचारील. विचारणाऱ्याचं काय जातं! तेव्हा घराबाहेर बोडकं डोकं दिसलं की बघणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न यायचा, कोण गेलं? त्यातून ते प्लेगचं वर्ष. सहदेवची आई मुलीच्या बाळंतपणासाठी कल्याणला अडकली होती आणि आठ दिवस तिची खबर नव्हती.

चौकीबाहेर तो बोटं चोळत उभा होता, तेव्हा आवडाबाई समोर आली. मिठागरावर टोपल्या वाहण्यात तिचे केस पिकले होते, पण मान अजून ताठ होती.

“रोज बघतंय तुला भाऊ,” ती म्हणाली. “डोक्यावं पगरी नि पाठ आरवी. अशी टोपली मी वाहिली आसती, त कवाची मेली आसती.”

“मग काय करू?”

“ती दांडी वर घे, जवल घे. खांदं खाली सोर, कोपरं ढिली ठेव. वाटंत उतरून मान मोकली कर. नि ती पगरी काढ.”

“बोडका जाऊ? घरी जाऊन तोंड कसं दाखवू?”

“मंग हात नको तुला?” एवढं बोलून ती टोपली उचलून चालती झाली.

सहदेवनं चौकीतला पाना आणला आणि दांडी चार बोटं वर ओढून आपल्याकडे वळवली. पगडी उपरण्यात गुंडाळून बैठकीमागे बांधली. निघताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या वाटेवर चिंचेखाली उतरून त्यानं खांदे फिरवले, मान सैल सोडली. पुढे कोसभरात बोटांत मुंग्या आल्या, मग ऊब आली. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. आनंदाच्या भरात तो सुसाट कोपरीच्या आळीत शिरला.

त्याचं बोडकं डोकं बघून विहिरीवर शेजारच्या सखुबाईच्या हातातला दोर सुटला. सहदेवचं तिकडे लक्षच नव्हतं.

ओट्यावर बसलेले परशुरामपंत उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची पगडी काढली आणि हळूच खाली ठेवली.

“कधी गेली?” त्यांनी विचारलं.

“कोण, आबा?”

“तुझी आई. चौकीवर निरोप आला ना?”

“नाही हो आबा! निरोपबिरोप काही नाही. माझी बोटं... हे बघा, हलतायत.”

म्हाताऱ्यानं हात उगारला. तो तसाच वर राहिला.

“दोन बोटांसाठी तिचं मरण दाखवलंस मला?”

“त्याच दोन बोटांवर घर चाललंय, आबा.”

परशुरामपंत न जेवता आत जाऊन पडले. पगडी घातली तर हात जाणार, काढली तर बाप तुटणार.

सकाळी पगडी खुंटीवर नव्हती. आबाही घरात नव्हते.

“उजाडल्यापासून दारोदार फिरतायत,” त्याची बायको सगुणा म्हणाली. “मुलगा आजपासून बोडका जाईल, घरी सगळी सुखरूप आहेत, कुणी घाबरू नका, असं सांगतायत.”

आयुष्यात कुणाच्या दारी शब्द टाकायला न गेलेला माणूस! सहदेव बाहेर धावला. पगडी पायगाडीवर आधीच बांधलेली होती, दोन घट्ट गाठी मारून. परशुरामपंत काठी टेकत परत आले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही.

“येताना वळणावर घंटा वाजव,” ते म्हणाले. “म्हणजे खबर वाईट नाही, हे मला कळेल.”

चौकीवर पगडी घालून सहदेव साहेबांसमोर बसला. सबंध पत्र उतरवलं, एक डाग नाही. साहेबांनी कागद उजेडात धरला, बाजूला ठेवला आणि सोमवारची पत्रं त्याच्यापुढे सरकवली. नोकरी राहिली.

संध्याकाळी तो वळणावर आला आणि त्याला ओटा दिसला. आबा उभे होते, आणि त्यांचा हात डोक्यावरच्या पगडीला लागलेला होता. साऱ्या आळीची समजूत घालून आलेल्या त्या माणसाला स्वतःची समजूत काही घालता आली नव्हती.

सहदेवनं घंटा वाजवली. आबांचा हात खाली आला. तरी दारात पोचेपर्यंत तो वाजवतच राहिला.