मयताच्या गाडीतले चौघे

लंडनमध्ये जित्यांनाच जागा पुरेना, तिथे मेलेल्यांचे लाड कोण करणार? रेल्वेनं जुनी थडगी उकरून त्यावरून रूळ नेले आणि नव्या मयतांसाठी वेगळं स्टेशन काढून त्यांची सरे परगण्यातल्या दफनभूमीत रवानगी सुरू केली. मयताला एकेरी तिकीट, रडणाऱ्यांना परतीचं. डबे मात्र वर्गवार. पहिल्या वर्गाच्या मयताला तिसऱ्या वर्गाच्या शेजारी झोप लागली नाही तर?

डॉर्कस पिलबीमचा नवरा तिसऱ्या वर्गानं निघाला होता. जेबेझ टोप्या शिवायचा आणि भांडायचा. शेजारी, गिऱ्हाईक, दूधवाला, कोणालाच त्यानं सोडलं नव्हतं. साहजिकच त्याला पोचवायला डॉर्कस आणि तिची नणंद हेस्टर, एवढ्याच दोघी.

"एक माणूस नाही गं दादासाठी!" हेस्टरनं तोंड सोडलं. "घरात बाई धड असती तर चार माणसं जोडली असती त्यानं. सांगणार आहे मी सगळ्या गल्लीत."

"सांगा वन्सं," डॉर्कस म्हणाली खरी, पण तिला धास्ती होतीच. ती गल्ली हेस्टरचं सगळं खरं मानायची.

तेवढ्यात काळे कोट, काळ्या हॅटी घातलेले चार सभ्य गृहस्थ डब्यात चढले. दफनभूमीला लागूनच गोल्फचं मैदान होतं आणि शोक करणाऱ्यांचं तिकीट स्वस्त. त्यामुळे काळे कपडे घालून, लांब चेहरे करून खेळायला जाणारी मंडळी त्या गाडीला नवी नव्हती. डॉर्कसला हे कुठून ठाऊक असणार!

"आपण कोणाचे?" हेस्टरनं विचारलं.

दारात गार्ड तिकिटं तपासत उभा होता. चौघांतला फॅनशॉ नावाचा धिप्पाड गृहस्थ घुटमळला. "आम्ही... मयताचे मित्र, बाई."

"जेबेझचे?"

फॅनशॉनं गार्डकडे पाहिलं. "जेबेझचेच."

हेस्टरनं सरकून त्यांना बसायला जागा करून दिली. डॉर्कसला वाटलं, त्या माणसाचे हात धरावेत. म्हणजे जेबेझ घराबाहेर कोणाशी तरी नीट बोलत होता!

उतरल्यावर चौघांनी सटकायला पाहिलं, पण हेस्टरनं फॅनशॉचा दंड धरला. "मित्र ना? मग खांदा द्या!" गार्ड अजून बघत होता. चौघांनी निमूट शवपेटी उचलली. कबरीपाशी पाद्रीबाबांनी घाईघाईनं प्रार्थना उरकली आणि मित्रांपैकी कोणी दोन शब्द बोलतंय का, असं विचारलं. बाकीच्या तिघांनी फॅनशॉला पुढे ढकललं.

त्यानं घसा खाकरला. "जेबेझसारखा शांत गडी नाही पाहिला. हरला तरी हसायचा. समोरच्याची चूक कधी मोजली नाही. त्याच्याबरोबर चालायला लागलं की वाट कधी सरली ते कळायचं नाही."

डॉर्कसनं मान वर केली. बटाटे जास्त शिजले म्हणून याच जेबेझनं तिच्या अंगावर ताट भिरकावलं होतं. हे लोक त्याला ओळखतसुद्धा नव्हते! संतापानं तिचे कान तापले. आत्ताच्या आत्ता त्यांचं पितळ उघडं पाडावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

शेजारी हेस्टर हुंदके देत होती. "वहिनी, चुकलंच माझं. चार माणसं जोडली होती गं त्यानं. तुला बोल लावला मी."

डॉर्कसनं तोंड मिटलं.

"पुढच्या आठवड्यात फुलं वाहायला याल ना, साहेब?" हेस्टरनं डोळे पुसत विचारलं.

"आम्ही दर आठवड्याला येतोच, बाई," फॅनशॉ म्हणाला. त्या दिवशी तो एवढं एकच खरं बोलला.

माती पडू लागली आणि मरणाच्या दिवसापासून कोरडी राहिलेली डॉर्कस एकदम ओक्साबोक्शी रडू लागली. हेस्टरनं तिला जवळ घेतलं. तिला वाटलं, वहिनीचा बांध फुटला अखेर दादासाठी. पण डॉर्कस रडत होती ती फॅनशॉनं सांगितलेल्या माणसासाठी. बावीस वर्षांच्या संसारात तो तिला एकदाही भेटला नव्हता.