बारा मिनिटं पुढे

सासूबाईंच्या ऑफिसात जायचं तर शहाणपण दाराबाहेर ठेवून जायचं, हे नवऱ्याने सुनेला लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं. सासूबाई इमारतींचे नकाशे काढायच्या. ऑफिस त्यांचं, हुकूम त्यांचा, आणि मुख्य सर्व्हरचा पासवर्ड फक्त त्यांच्याच डोक्यात. त्या सर्व्हरच्या राज्याला म्हणतात डोमेन. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याचे ताबेदार. कोणाला काय उघडता येईल ते तोच ठरवणार. थोडक्यात, तोही सासूबाईंवरच गेलेला.

सून कॉम्प्युटर नेटवर्कचीच कामं करायची, चांगल्या मोठ्या कंपन्यांची. पण पिकतं तिथे विकत नाही. इथे काही बिघडलं की सासूबाई बाहेरचा माणूस बोलवत. शेवटी नकाशांची जुनी डिस्क कण्हायला लागली, तेव्हा तो नेमका परगावी, म्हणून हिला विचारलं. आज जमतंय का बघ, नाहीतर उद्या तो येतोच आहे, असं त्या म्हणाल्या. ते ‘येतोच आहे’ तिला फार झोंबलं. कौतुकाची तिला भूक नव्हती. बरं, थोडी होती, खोटं कशाला बोला! पण एकदा तरी सासूबाईंनी बिनघोर आपल्या हाती काम सोपवावं, एवढं तिला मनापासून हवं होतं.

फाइली साठवायचा नवा सर्व्हर म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा. तिने तो प्रिंटरशेजारी ठेवला, केबल जोडली, नाव दिलं. आता त्याला डोमेनमध्ये घेतलं की जो तो आपापल्या पासवर्डने नकाशे उघडणार. स्क्रीनने मालकांचा पासवर्ड मागितला. सासूबाई आल्या, डाव्या हाताने कीबोर्ड झाकला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं. सून शहाण्यासारखी खिडकीबाहेर बघत राहिली.

डबा म्हणाला, प्रवेश नाही, पासवर्ड तपासा. सासूबाईंनी पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नकार आला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“मी माझाच पासवर्ड विसरले, असं म्हणायचंय का तुला?”

बिचारी एक अक्षर बोलली नव्हती. सासूबाई तरातरा केबिनमध्ये गेल्या आणि हिने केबलपासून नावापर्यंत सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडेना. आता उद्या तो माणूस येणार, दोन मिनिटांत करून दाखवणार आणि आपलं नाक कापलं जाणार, या विचाराने तिला रडूच यायला लागलं.

जेवायला ती पट्टीकाकांसमोर बसली. हे तिथले सगळ्यात जुने नकाशे काढणारे. खिशात कायम पट्टी, म्हणून हे नाव. तिचा घास हातातच होता, तोवर काकांनी जेवणाचा डबा बंद केला आणि दोन वाजले म्हणून उठले. भिंतीवर दोन, कॉम्प्युटरवरही दोन. तिच्या मोबाइलमध्ये मात्र अजून वाजायचे होते.

तुमचं घड्याळ पुढे आहे, असं ती म्हणाली, तर काकांनी हळू आवाजात सगळी कथाच सांगितली. फार पूर्वी एका शाळेच्या इमारतीचं काम ठरायचं होतं. सासरेबुवा आरशासमोरून हलेनात, बैठकीला उशीर झाला आणि काम गेलं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी भिंतीवरचं घड्याळ आणि मुख्य सर्व्हर, दोन्ही बारा मिनिटं पुढे करायला लावली. बाकीचे कॉम्प्युटर त्याच्या मागोमाग गेले. तेव्हापासून बाईंना विचारायची कोणाची छाती झाली नव्हती.

सुनेने कपाळावर हात मारला. नव्या डब्याने इंटरनेटवरून खरी वेळ घेतली होती. आणि डोमेनचा नियमच आहे, घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असला की आत घ्यायचं नाही, मग पासवर्ड कितीही बरोबर असो.

डबाही गुपचूप बारा मिनिटं पुढे केला असता, तर काम झालं असतं. तिचा हात तिथवर गेलासुद्धा. पण मग प्रत्येक नकाशावर खोटी वेळ पडणार, आणि पुढचं नवं यंत्र आलं की हाच तमाशा. शिवाय, खरं सांगायचं तर, मान डोलवायचा तिला कंटाळा आला होता. ती उठली आणि केबिनचं दार ढकललं.

“आई, पासवर्ड बरोबरच होता. घड्याळ चुकतंय.”

घड्याळाला हात लावायचा नाही, त्याने ऑफिसला शिस्त लागली, असं सासूबाईंनी ठणकावलं.

“कसली शिस्त? ते पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी येतात खऱ्या वेळेने, आणि संध्याकाळी निघतात तुमच्या वेळेने.”

बाहेर पट्टीकाकांनी एका जुन्या नकाशात डोकं खुपसलं. बोटभर सरकलेली भिंत कागदावर पकडणाऱ्या सासूबाईंना हे कधी दिसलंच नव्हतं. त्यांचे ओठ थरथरले. संपलं आता, असं सुनेला वाटलं, आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणजे इतकी वर्षं मीच यांना लवकर घरी सोडतेय की, असं म्हणून पुन्हा हसल्या.

सर्व्हरचं घड्याळ मागे घ्यायलाही तोच पासवर्ड लागणार होता. सासूबाई उठल्या, काय वाटलं कोण जाणे, परत बसल्या. सुनेला जवळ बोलावून कानात म्हणाल्या, “लवकरनिघा. सगळं सलग. पुढे तुझ्या सासऱ्यांचं जन्मसाल. आणि हसायचं नाही.”

ती हसलीच. सर्व्हरचं आणि भिंतीवरचं, दोन्ही घड्याळं मागे आली, आणि डबा पहिल्या झटक्यात डोमेनमध्ये गेला.

संध्याकाळी पट्टीकाका सवयीने पिशवी घेऊन उठले, भिंतीकडे बघितलं आणि मुकाट्याने बसून पेन्सिलीला टोक करायला लागले. केबिनमध्ये सासूबाई फोनवर बाहेरच्या माणसाशी बोलत होत्या.

“नाही, उद्या नका येऊ,” त्या म्हणाल्या. “त्या कामाचं माणूस आमच्या घरातच आहे.”