सावकाश जळणारी बारूद

जूनच्या मध्यात ऑरिन लुंडक्विस्टच्या नावाने मूस या अजस्र हरणाच्या शिकारीचा परवाना निघाला. आमच्या आयडाहो राज्यात माणसाला जन्मात एकच नर मूस मारता येतो, आणि त्यासाठीही आधी सोडतीत नाव यावं लागतं. ऑरिन बावीस वर्षं अर्ज करत होता. तो अडुसष्ट वर्षांचा होता आणि मार्चमध्ये त्याच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं होतं. हाडं धातूची पट्टी टाकून एकमेकांना जोडलेली. डॉक्टरांनी त्याला हातोडा वापरायला मनाई केली होती आणि लाकूडकापणीचं यंत्रही. "आणि ते तुझं जे काही चालतं तेही नको," असं बजावलं होतं.

ते म्हणजे रिव्हॉल्वर. ऑरिनने चाळीस वर्षांत रायफलने एकही शिकार केली नव्हती. त्याच्या रिव्हॉल्वरची गोळी अर्ध्या इंचाची, चक्रीत फक्त पाच काडतुसं, आणि ती सगळी त्याने स्वतःच्या शेडमध्ये बारूद मोजून भरलेली. मीही माझी काडतुसं तिथेच भरायचो. तीस वर्षं आमचा शनिवार तिथल्या कामाच्या बाकापाशी गेला.

परवाना आल्यावर त्याने मैदानावर जाऊन नेहमीच्या जोराचं एक काडतूस उडवून पाहिलं. रिव्हॉल्वर हातातून सुटून समोरच्या टेबलावर आदळलं. ऑरिन दहा मिनिटं गाडीत मान खाली घालून बसला.

"रायफल घे," मी म्हणालो.

"तू घे. मी तुझं मटण शिजवून देईन."

म्हणजे काडतूस हलकं भरायचं, हे ठरलं. प्रश्न होता कोणत्या बारुदीने.

शेडच्या फळीवर दोन डबे होते. एकात ऑरिनची लाडकी, सावकाश जळणारी बारूद. बारीक गोल दाण्यांची. हिने काडतुसाची पितळी पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरते, आणि तशी भरली तरच नीट पेटते. जड गोळीला तिच्यासारखा वेग दुसरं काही देत नाही आणि मनगटाला तिच्यासारखा झटकाही देत नाही. तिला कमी भरलं की ती आळशी होते. अर्धी जळते, अर्धी तशीच राहते. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे की तक्त्यातल्या मापापेक्षा कमी भरू नका. दुसरा डबा माझा होता. मध्यम वेगाने जळणारी, चपट्या कणांची बारूद. हलक्या काडतुसासाठीच केलेली. वेग कमी मिळतो, पण चाळीस पावलांवरून मूसच्या बरगड्यांतून गोळी आरपार जाईल इतका मिळतो.

मी माझा डबा बाकावर ठेवला.

"ही पेन्शनरांची बारूद आहे, वेंडेल," ऑरिन म्हणाला.

"मग आपण दोघं कोण आहोत?"

"मी बारा मणांच्या जनावरासमोर उभा राहणार आहे. तू रिकाम्या डब्यांवर नेम धरतोस."

"डबे मरतात तरी."

"माझी बारूद मला माहीत आहे. एक दशांश कमी भरतो. तेवढ्याने काही होत नाही."

"डब्यावर लिहिलंय, होतं म्हणून."

"ते वकिलांनी लिहिलंय." त्याने माझा डबा उचलला आणि परत फळीवर ठेवला. एका वेळी बाकावर एकच डबा, हा शेडचा नियम होता. त्यामुळे वाद तिथेच संपला.

ऑगस्टमध्ये आम्ही त्याची हलकी काडतुसं घेऊन खाणीजवळच्या मैदानावर गेलो. दुपारी दोनची वेळ होती. गाडीच्या तापलेल्या टपाला हात लाववत नव्हता. ऑरिनने पाच गोळ्या झाडल्या. पाचही पत्त्याच्या पानात मावतील इतक्या जवळ लागल्या. रिव्हॉल्वर हातात राहिलं. त्याने मनगट दोनदा फिरवलं आणि माझ्याकडे पाहून हसला.

"आता बोल."

मी रिकाम्या पुंगळ्या तळहातावर उलट्या केल्या. प्रत्येकीतून न जळलेले दाणे पडले. चार, सहा, चार. ऑरिननेही ते पाहिले.

"चार दाणे," तो म्हणाला. "चार दाण्यांनी मूस मरायचा राहत नाही."

एवढ्या उन्हात दाणे उरतात तर थंडीत किती उरतील, हे मला तिथेच सांगता आलं असतं. मार्चपासून तो पहिल्यांदा हसत होता. मी पुंगळ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणालो, "नेम चांगला लागलाय."

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला तंबू ठोकला. पंधराच्या सकाळी पारा शून्याखाली अकरा होता. काडतुसं रात्रभर गाडीत राहिली होती. आठ वाजता वाळुंजांच्या झुडपांतून एक नर बाहेर आला आणि ओढ्याच्या काठाशी आडवा उभा राहिला. पस्तीस पावलं. शिंगांवर हिम होतं. वाऱ्याने आमचा वास त्याच्याकडे जात नव्हता.

ऑरिनने ओंडक्यावर मनगटं टेकवली. घाई केली नाही. रिव्हॉल्वरचा घोडा पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग फटाका ओला असावा तसा एक दबका बार.

त्या मधल्या क्षणात नळी खाली झुकली असावी. मूसच्या पोटाच्या मागच्या बाजूला केस हलले. फासळ्यांपासून हातभर मागे. जनावराने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं.

"परत मार," मी कुजबुजलो.

"फिरत नाहीये."

तो दोन्ही अंगठ्यांनी घोडा ओढत होता. चक्री अडकली होती. न जळलेले दाणे मागे सांडून, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या तिच्या चकतीखाली गेले होते. माझ्याजवळ हत्यार नव्हतं, आणि असतं तरी दुसऱ्याच्या परवान्यावर मला मारता आलं नसतं. मूस वळला आणि चालत झुडपांत गेला. ऑरिनने चक्री उघडून आगकाडीने दाणे कोरून काढले, तोवर फांद्या हलायच्या थांबल्या होत्या.

पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच जायचं नसतं. आम्ही सहा तास बसलो. ऑरिनने विचारलं, "आवाज ऐकलास ना?"

"ऐकला."

रक्त काळसर होतं आणि त्यात चघळलेल्या पाल्याचे हिरवे तुकडे होते. त्याचा अर्थ दोघांनाही कळत होता. मूस मरणार होता, पण उद्या किंवा परवा, आणि आमच्यापासून लांब. अंधार पडेपर्यंत माग काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघ्यांवर बसून पानं उलटत गेलो. दुपारी बर्फ सुरू झाला. तीनच्या सुमारास माग दिसायचा बंद झाला. तिसऱ्या दिवशी वरच्या धारेवर डोमकावळे घिरट्या घालताना दिसले. दोन तास चढून गेलो. कुणीतरी मारलेल्या एल्क हरणाची आतडी होती.

गाडीपाशी आल्यावर ऑरिनने खिशातून परवाना काढला आणि चाकूही.

"त्या दिवशी पंधरा होती ना?"

"ऑरिन, थांब. हंगामाचे पाच आठवडे राहिलेत. मी मध्यम बारूद भरतो, तू हातही लावू नकोस. आठवड्याभरात परत येऊ."

"कशाला?"

"मूस मारायला."

"मी मारलाय."

"कायद्याने, जनावर हाती लागल्याशिवाय मारला म्हणत नाहीत. कुणी पाहिलंही नाही."

"तू पाहिलंस." तो गाडीच्या मागच्या फळीवर बसला. "तो तिथे कुठेतरी पडून पोट चाटतोय. मी दुसरा मारू? एकच मिळतो, वेंडेल."

आमच्या खोऱ्यात जुने शिकारी हे पाळतात. रक्त काढलं की जनावर तुमचं, मिळो न मिळो. शिकार झाली की परवान्यावरचे महिना-तारखेचे चौकोन कापायचे असतात, मग तो परवाना संपतो. त्याने ऑक्टोबरचा चौकोन कापला, मग पंधराचा. दुसरा काप वाकडा गेला आणि शेजारच्या आकड्यात शिरला. त्याने चाकू मिटला.

घरी ऑरिनच्या बायकोने, मार्वाने, मोठा फ्रीझर रिकामा करून पुसून ठेवला होता. गॅरेजमध्ये मटण कापायचं टेबल मांडलं होतं, त्यावर कागदाची गुंडाळी. तिने गाडीच्या मागे डोकावून पाहिलं.

"मारला," ऑरिन म्हणाला. "सापडला नाही." आणि बूट न काढता आत गेला.

मार्वाने मला सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. काडतुसाचा उशीर, दाणे, चक्री. पंचेचाळीस वर्षं त्या शेडशेजारी राहिलेली बाई, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"तुला माहीत होतं असं होईल?"

"होऊ शकेल, हे माहीत होतं. जूनमध्ये बोललो होतो त्याला."

"आणि ऑगस्टमध्ये? तिकडून आला तेव्हा पोरासारखा नाचत होता. म्हणाला, वेंडेलही नेम चांगला आहे म्हणाला."

"म्हणालो."

"दाण्यांचं नाही म्हणालास."

"नाही."

तिने फ्रीझरचं बटण बंद केलं, दार उघडं राहावं म्हणून फटीत एक लाकडाचा तुकडा घातला आणि मला म्हणाली, "आता तू घरी जा."