मागच्या दारचे दगड

मयुरी लग्न होऊन आली तेव्हा मागच्या दारापासून तलावापर्यंत चांगलं अंगण होतं, शेवगा होता, बाज टाकायला जागा होती. दोन पावसाळ्यांत लाटांनी कड खात खात शेवगा नेला आणि आता पाणी मागच्या भिंतीपासून चार पावलांवर आलं होतं. त्याच भिंतीला लागून लेकीचा पाळणा. म्हणून नवऱ्याने, ज्ञानेश्वरने, ट्रॅक्टरभर काळे दगड आणून कडेला रचले.

आणि ते दगड कमी व्हायला लागले.

मयुरीचा संशय सरळ शेजारच्या भगवानरावांवर. त्यांची कड ढिम्म हलली नव्हती. वर रोज कुंपणापाशी येऊन विचारायचे, "काय पोरी, टिकून राह्यले का दगडं?" एवढी चौकशी उगाच कोण करतं?

"देवमाणूस हाये वं तो," सासूबाई रुखमाबाई म्हणायच्या. पण नजर पातेल्यात.

लेक झोपली तशी मयुरीने दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट काढला आणि दगडांच्या पोटाला एकेक ठिपका दिला, बाळाला तीट लावावी तसा.

दुसऱ्या सकाळी पुन्हा खिंडार. लेकीला कडेवर घेऊन तिने भगवानरावांची कड चोरपावलांनी धुंडाळली. निळं काहीच नाही. तेवढ्यात बाभळीआडून धुणं आपटल्याचा आवाज आला. पाहते तो बायका सपाट दगडांवर बसलेल्या. एकीने आपला दगड कलता केला आणि खाली निळा ठिपका! शेजारच्या दगडावर गोधडी धोपटत होत्या रुखमाबाई.

"आत्या, तुम्ही?"

"मंग काय करू? ज्ञानूनं आमच्या धुण्याच्या जागेवरच दगडं रचले. बायाइनं बसावं कुठी? गोधड्या का मोरीत मावतात?"

"अन् भिंत पडली तं? पाळणा हाये तिथं!"

रुखमाबाईंच्या हातातली गोधडी थांबली. नातीकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "हे नाय सुचलं मले."

"पायऱ्या करा ना मा," एक बाई हसली. "कड बी राहीन, अन् बूड बी टेकन."

सगळ्याजणींनी मिळून दगड मयुरीच्या मागच्या दारी परत आणले आणि पायरी-पायरीने रचले. संध्याकाळी लाट पहिल्या पायरीवर चढली, दुसरीवर थकली आणि मुकाट परतली.

एक दगड तेवढा मिळेना, सगळ्यांत सपाट. भगवानरावांच्या ओट्यापुढे मात्र नवी पायरी दिसत होती.

मयुरीने लेकीला कडेवर सावरलं आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, "काका, हे पायरी जरा उलटी करून दाखवता का?"