हवालदारांची ट्रंक

कमला उठली आणि सरळ ट्रंकेवर जाऊन बसली.

जानराव किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला. बाहेर भिलाईच्या क्वार्टरांमधल्या मैदानात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. टेबलावर हवालदार धोंडबांचा फोटो मांडला होता आणि पावर हाउस वस्तीकडची रेल्वेतली माणसं सायकलींवरून येऊ लागली होती. शोकसभा पाच वाजता होती, आणि म्हातारी ऐन वेळी अडून बसली होती.

"माय, उठ ना. बाबाचं डिस्चार्ज बुक आत हाय. पलटण, नंबर, सालं, सारं त्याच्यातच हाय. मी लोकायसमोर काय वाचू?"

"बाप तुहा होता. मनानं बोल."

"वहिनी," बौद्ध समितीचे सेक्रेटरी शेषराव दारातूनच म्हणाले, "मेडलं फोटोजवळ ठेवाची हायेत जी. दोन लढाया पाहिलेला माणूस. सेक्टर सहामंदी दुसरा हाय काय असा?"

"मेडलं ठेवून माणूस वापस येते काय?"

शेषरावांना हे दुःख वाटलं. दुःख होतंच, पण कमला ट्रंक अडवून बसली होती ती दुःखानं नव्हे.

ट्रंकेत, हवालदारांच्या कोटाखाली, मरीआईचा टाक होता. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उमटवलेली देवी. कमलेची तीन लेकरं पाठोपाठ गेली होती. चौथा जानराव जगला तो या माउलीच्या नवसानं, असं तिच्या आईनं मरताना सांगून ठेवलं होतं. मग नागपूरला दीक्षा झाली, नोकरीसाठी कुटुंब भिलाईला आलं, आणि सत्तावन सालच्या जूनमधल्या पहिल्या रविवारी हवालदारांनी घरातले सगळे देव शिवनाथ नदीत सोडले. टाक तेवढा कमलेच्या ओच्यात राहिला.

आपले देव सोडून गप्प बसतील तर ते हवालदार कसले! तेव्हा सगळे कॅम्पातल्या झोपड्यांत राहत. दर रविवारी सकाळी हवालदार दाढी करून, बूट घालून निघत आणि घरोघर झडती घेत. बावीस प्रतिज्ञा घेतल्या तर बावीस पाळा, एकवीस नाही, असं त्यांचं म्हणणं. चंपाच्या पिठाच्या डब्यातून त्यांनी खंडोबाचा टाक काढला आणि साऱ्या कॅम्पादेखत नेला. चंपा पाया पडली, तरी ते हलले नाहीत. पुढे पाच वर्षं चंपा त्यांच्याशी बोलली नाही. आज मात्र ती आली होती, आणि बायकांत भिंतीला टेकून बसून सगळं पाहत होती.

झडती घेणाऱ्याच्या घरी झडती कोण घेणार? एवढा एकच हिशेब करून कमलेनं टाक ट्रंकेत दडवला होता. किल्ली तेव्हा खिळ्यावर असायची आणि हवालदार कारखान्याच्या बांधकामावर पहाऱ्याला गेलेले असायचे. पण दुसऱ्याच आठवड्यात ती किल्ली हवालदारांच्या करदोट्याला गेली. तिथून ती सुटली ती अकरा दिवसांपूर्वी, त्यांना शेवटची आंघोळ घालताना, आणि थेट जानरावाच्या खिशात गेली. दर सव्वीस जानेवारीला ते मेडलं काढायला ट्रंक उघडत आणि कमला चुलीपाशी श्वास धरून बसे. पाच वर्षांत कधी काही झालं नाही. आता मात्र साऱ्या समितीसमोर देवी निघणार होती. लोक म्हणणार, दुसऱ्याचे देव बुडवले आणि स्वतःचा पेटीत ठेवला. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

"माय, पाच वाजून राहिले."

जानरावानं तिला दंडाला धरून उठवलं. ती उठली. लेकाशी झोंबाझोंबी करण्याचं तिचं वय नव्हतं.

कुलूप निघालं. झाकणाच्या आत एक कागद चिकटवलेला होता. पलटणीत प्रत्येकाच्या सामानाची यादी असते, तशी ती होती, हवालदारांच्या सरळ उभ्या अक्षरात. शेषरावांनी चष्मा लावला. ते वाचू लागले आणि जानराव एकेक वस्तू काढून चटईवर ठेवू लागला.

"डिस्चार्ज बुक, दोन. मेडल, पाच. फोटो, बसरा, एक." फोटोत मिसरूड फुटलेले हवालदार खजुराच्या झाडाखाली उभे होते. बायका पुढे सरकल्या.

"कोट लोकरी, एक."

कोट निघाला. कमलेनं डोळे मिटले.

"झबली, तीन."

जानरावानं तीन लहान झबली बाहेर काढली. धुतलेली, घडी घातलेली. ही आपण त्या त्या लेकराबरोबर मातीत दिली, असं कमला इतकी वर्षं समजत होती. तिनं ती ओळखली, आणि तोंडात पदर कोंबून ती रडू लागली.

"आणि हे खाली," शेषराव थांबले. "हे मागून लिहिलेलं दिसते. नऊ जून सत्तावन. कमलाचे सामान, नग एक. कोणीही उघडू नये."

खाली खाकी पट्टीनं बांधलेली एक पुरचुंडी होती. कमलेनं टाक नुसता कोटाखाली सरकवला होता. ही पट्टी तिची नव्हती, गाठही तिची नव्हती.

"काय हाय माय, याच्यात?" जानरावाचं बोट गाठीत शिरलं.

"आण इकडे," चंपा म्हणाली. ती उठून आली होती. तिनं पुरचुंडी हातात घेतली आणि अंगठ्यानं चाचपली. एकदा, मग पुन्हा एकदा, कडेकडेनं. कमला तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. आता ही बोलणार. बोलण्याचा तिला हक्कही होता.

"उघडू नये म्हणून लिवलं हाय ना?" चंपा जानरावाला म्हणाली. "मग? बापाचा हुकूम तुले समजत नाई काय? मेडलं घे अन् जाय. लोकं वाट पाहून राहिले."

तिनं पुरचुंडी कमलेच्या ओटीत टाकली.

शेषराव आणि जानराव मेडलं घेऊन गेले. मागोमाग बायकाही गेल्या. चंपा तेवढी कमलेशेजारी बसून राहिली. बाहेर त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग कर्ण्यातून जानरावाचा आवाज आला. सभेसाठी त्यानं पुस्तकी भाषेत लिहून आणलं होतं.

"माझे वडील कडक शिस्तीचे होते. लोकांना एक सांगायचं आणि घरी दुसरं करायचं, हे त्यांना आयुष्यात कधी जमलं नाही."

टाळ्या पडल्या. कमलेनं मान खाली घातली. पुरचुंडी तिनं दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

"माह्या खंडोबाले असा पहारेकरी नाई भेटला," चंपा म्हणाली.